साध्या मंगळवारी कॉलेज पाहून ये

पत्र थोडक्यात: "ताई, मला रसायनशास्त्र शिकायचे आहे आणि दोन कॉलेजांत प्रवेश मिळतो आहे. पहिले नावाजलेले आहे, पण ते पाहायला गेले तेव्हा कोणी कोणाशी बोलताना दिसले नाही. दुसऱ्याचे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, पण तिथल्या परिचय-दिवशी नाटक, गाणी आणि हसणारे घोळके पाहून माझा पाय निघेना. बाबा म्हणतात, कॉलेज अभ्यासासाठी असते, मित्र काय कुठेही मिळतात. शाळेत मी बहुतेक एकटीच असायचे आणि ते मला पुन्हा नको आहे. दहा दिवसांत निर्णय कळवायचा आहे. तो चुकला तर सगळे बिघडेल, या धास्तीने झोप लागत नाही."

प्रिय मुली,

तुझे पत्र मी तीनदा वाचले. परिचय-दिवसाच्या रंगमंचाचे वर्णन तू जवळजवळ पानभर केले आहेस, पण दोन्ही ठिकाणी रसायनशास्त्र कोण शिकवते आणि कसे शिकवते, याविषयी त्यात एकही ओळ नाही. हे मी तुझे उणे काढण्यासाठी सांगत नाही, कारण शाळेची इतकी वर्षे जिने एकटीने काढली तिची नजर आधी माणसांकडेच जाणार. तुझी भीती क्षुल्लकही नाही. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात, याचा विचार करताना व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकाने 1975 मध्ये असे मांडले होते की, विद्यार्थ्याचे अभ्यासाशी जसे जुळावे लागते तसेच तिथल्या माणसांशीही जुळावे लागते, आणि यांपैकी एक धागा जरी सैल राहिला तरी टिकून राहणे अवघड होते. म्हणून अभ्यास आणि सोबत या तराजूच्या दोन पारड्यांत घालण्याच्या गोष्टी आहेत, असे मला वाटत नाही.

मित्र कुठेही मिळतात, हे तुझ्या बाबांचे म्हणणे मात्र अर्धेच खरे आहे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या वसाहतीत राहणाऱ्या विवाहित विद्यार्थ्यांची मैत्री कोणाशी जमली, याचा मानसशास्त्रज्ञ लिओन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला आणि तो 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वभाव किंवा आवडीनिवडींपेक्षा कोणाचे दार कोणाच्या दाराशेजारी आहे आणि जिन्यावर कोण कोणाला रोज भेटते, यालाच फार महत्त्व असल्याचे दिसले. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये असा अंदाज मांडला की, नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे 50 तास आणि जवळची मैत्री व्हायला 200 हून अधिक तास एकमेकांच्या सहवासात जावे लागतात. म्हणजे तुझ्यासारख्या बुजऱ्या मुलीने विचारायचा प्रश्न असा की, मुद्दाम धीर गोळा न करता, तीच चार-पाच माणसे तुला आठवड्यातून अनेकदा भेटतील अशी सोय कोणत्या कॉलेजात आहे?

रंगमंचावर ती सोय असेलच असे नाही. नाटकाच्या तालमींना तू नेमाने जाणार असलीस, तर ते तास तिथे नक्की भरतील. पण नुसते प्रेक्षकांत बसायचे असेल, तर हजार माणसांच्या टाळ्यांतही मनुष्य एकटाच राहू शकतो. हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझ्या पहिल्या वर्षी कॉलेजात सतत काही ना काही कार्यक्रम असायचे, आणि मी शेवटच्या रांगेत बसून ते पाहायचे व कोणाशीही न बोलता खोलीवर परतायचे. नोव्हेंबरपर्यंत मी कॉलेज सोडण्याच्या बेताला आले होते. प्रयोगशाळेत माझ्या जोडीला दिलेली मुलगी ब्युरेटकडे डोळे लावून थेंब मोजायची आणि मी आकडे लिहायचे, एवढाच आमचा संबंध होता. एके दिवशी तास संपल्यावर नळाखाली काचनळ्या धुता धुता, माझ्याकडे न पाहताच तिने विचारले, "उद्या येणार ना? तुझ्याशिवाय माझे आकडे चुकतात." मी दुसऱ्या दिवशी गेले. पुढची तीन वर्षे आम्ही एकत्र अभ्यास केला.

म्हणूनच तुझ्या विषयाची मला मोठी आशा वाटते, कारण रसायनशास्त्रात प्रयोगशाळेचे लांबलचक तास असतात. प्रात्यक्षिकाची तुकडी किती मुलांची असते, जोडीदार वर्षभर तोच राहतो का, पहिल्या वर्षाला मुख्य अध्यापक शिकवतात की ते काम दुसऱ्या कोणावर सोपवलेले असते, हे दोन्ही ठिकाणी विचार. कॉलेजच्या वातावरणाची परीक्षाही मी इथेच करीन. परीक्षेच्या आधी मुले एकमेकांना वह्या देतात की लपवतात, आणि शंका विचारणाऱ्याकडे बाकीचे हसून पाहतात की तेही कान देतात, यावरून जेवढे कळते तेवढे कोणत्याही माहितीपत्रकातून कळत नाही.

कॉलेजच्या नावाचा प्रश्नही बाजूला ठेवण्यासारखा नाही. अर्थशास्त्रज्ञ स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी 1976 मध्ये अमेरिकन कॉलेजांत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांची पुढची कमाई तपासली. ज्यांना अधिक निवडक, म्हणजे मोजक्याच मुलांना घेणाऱ्या, कॉलेजात प्रवेश मिळत होता, तरी ज्यांनी कमी निवडक कॉलेज पत्करले, त्यांची कमाई सरासरीने तिथे गेलेल्यांइतकीच निघाली. मात्र कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या मुलांना निवडक कॉलेजाचा फायदा झालेला दिसला, आणि हा अपवाद मला फार महत्त्वाचा वाटतो; ज्या घरात ओळखीपाळखीची शिदोरी नसते, तिथे कॉलेजच ती पुरवते. तुमच्या घरची स्थिती तू लिहिलेली नाहीस, तेव्हा या मुद्द्याला किती वजन द्यायचे ते बाबांशी मोकळेपणाने बोलून ठरव.

आता दहा दिवसांत करायचे ते सांगते. परिचय-दिवस हा पाहुण्यांसाठी सजवलेला दिवस असतो, आणि पहिल्या कॉलेजात तू कदाचित परीक्षेच्या तोंडावर गेली असशील. म्हणून दोन्ही ठिकाणी एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, कसलाही कार्यक्रम नसताना, पुन्हा जा. तास संपल्यावर वर्गाच्या दाराशी पाच मिनिटे थांब: सगळे एकदम पांगतात, की फळ्यापाशी तीन-चार जण शंका घेऊन रेंगाळतात आणि शिकवणारे हातातला खडू खाली ठेवून पुन्हा उचलतात? विभागातल्या फलकावरच्या सूचना या महिन्याच्या आहेत की गेल्या वर्षीच्या, तेही पाहा. दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या शांत दिसणाऱ्या मुलीला गाठून विचार की पहिले दोन महिने तिने कसे काढले; व्यासपीठावर बोलायला निवडलेल्या विद्यार्थ्याला विचारू नकोस, कारण त्याचे अनुभव तुझ्या उपयोगाचे नाहीत.

दोन्हीकडचा विभाग सारखाच तोलाचा निघाला, तर जिथे तुझा पाय निघेना तिथे निःशंक मनाने जा. पण दुसऱ्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवड्यातले बरेच दिवस बंदच असते असे आढळले, तर गाण्यांसाठी तिथे जाऊ नकोस, असे मी आग्रहाने सांगेन. झोप उडवणाऱ्या धास्तीविषयी एवढेच, की एक वर्षानंतर कॉलेज बदलता येते का, याचे नियम दोन्ही कार्यालयांत विचारून लिहून घे. तो कागद टेबलावर असला की हा निर्णय तुला इतका अखेरचा वाटणार नाही.

आणि जाताना बाबांना बरोबर घेऊन जा. त्यांना ग्रंथालयात तासभर बसू दे आणि तू प्रयोगशाळेच्या बाहेर उभी राहा, मग परतीच्या वाटेवर दोघांनी काय काय पाहिले ते एकमेकांना सांगा.

तुझी,
ताई