महिन्याला हजार रुपये आणि नवीन कॉमिक्सची लांबलचक यादी, आधी काय घ्यायचं?

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. पारोळ्याला राहतो, कॉलेज चालू आहे, महिन्याला हजारेक रुपये कॉमिक्ससाठी निघतात आणि यादीत ॲब्सोल्यूट बॅटमन, दोन-तीन मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स, राज कॉमिक्स या हिंदी कॉमिक्सच्या कलेक्टर एडिशन आणि एका नवीन इंडियन पब्लिशरची प्रीऑर्डर असं सगळंच आहे, तर आधी काय घ्यावं. शिवाय घेतलेल्यातलं बरंच अजून वाचायचं राहिलंय असंही तू लिहिलंयस. नावं तुला कोणीही देईल, पण पुढच्या महिन्यात परत वीस नवीन नावं येतील, तेव्हा काय? म्हणून मी निवडतो कसं ते सांगतो, नावं ओघात येतीलच.

पहिलं काम, यादीचे दोन भाग कर. एक, थांबलं तरी मिळणारं. दुसरं, थांबलं तर न मिळणारं. बहुतेक लोक याच्या अगदी उलट वागतात. अमेरिकेत बुधवारी नवीन अंक आला, सगळीकडे त्याचीच चर्चा, की लगेच त्याच्या मागे धावतात, आणि आपल्याकडचा छोटा पब्लिशर थोड्याच कॉप्या छापतो त्याला म्हणतात बघू नंतर. नंतर ते पुस्तक मिळतच नाही, किंवा सेकंडहँडवाला दुप्पट-तिप्पट सांगतो. बॅटमन कुठे पळून जात नाही.

आता अमेरिकन कॉमिक्सचं गणित बघ. सुट्या अंकात गोष्टीची पानं असतात वीस-बावीस, बाकी जाहिराती. किंमत चार-पाच डॉलर, इकडे येईपर्यंत चारशेच्या आसपास किंवा वरच जाते, आणि वाचून होतो पंधरा मिनिटांत. म्हणजे तुझ्या हजारात दोन अंक, आणि गोष्ट दोन्हीकडून लटकलेली. तेच पाच-सहा अंक काही महिन्यांनी एकत्र पुस्तक म्हणून येतात, ज्याला ट्रेड म्हणतात, ते सुट्या सहा अंकांपेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि कपाटात नीट उभंही राहतं. कापूस घरात ठेवून भावाची वाट बघायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे, इथेही तोच धीर धरायचा. तसंही जळगावात गोलाणीला जा नाहीतर फुले मार्केटला, सुटे अमेरिकन अंक मिळायची आशा ठेवू नको, दुकानात समोर एमपीएससीचीच पुस्तकं लावलेली असतात. म्हणजे मागवायचं ऑनलाइनच, मग अर्धवट गोष्ट कशाला मागवायची.

कव्हरवर अंकाचा नंबर एक असा लिहिलेला दिसला की हात थांबव. नवीन वाचकाला वाटतं एक नंबर म्हणजे इथून सुरुवात करायची, पण 'द अमेझिंग स्पायडर-मॅन' १९६३ ला सुरू झालं आणि १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२, २०२५ असं परत परत एक नंबरपासून सुरू केलं गेलंय, कारण एक नंबरचा अंक जास्त खपतो. व्हेरिएंट कव्हरचं, म्हणजे त्याच अंकाच्या वेगळ्या चित्राच्या कव्हरचंही तसंच. एकास पंचवीस असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ दुकानदाराने साध्या कव्हरच्या पंचवीस कॉप्या घेतल्या तर त्याला हे एक कव्हर मिळतं, म्हणून ते महाग, आतली पानं तीच. तुला वाचायचंय, तर साधं कव्हर घे.

मग बघायचं काय? लिहिलंय कोणी आणि चित्रं काढलीत कोणी. हिरो नाही बघायचा. बॅटमन आजवर शेकडो लोकांनी लिहिलाय, त्यातला कोणाचा तुला आवडतो ते महत्त्वाचं. तू यादीत टाकलेला ॲब्सोल्यूट बॅटमन ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाला, लेखक स्कॉट स्नायडर, चित्रं निक ड्रॅगोटाची. यातल्या ब्रूस वेनकडे, म्हणजे बॅटमनकडे, ना हवेली, ना खानदानी पैसा, आणि अंगाने एकदम आडदांड. कल्पना जबरदस्त आहे, मला स्वतःला खूप आवडली. पण तू स्नायडर आधी वाचला नसशील तर त्याचंच २०११ चं कोर्ट ऑफ आउल्स घे, चित्रं ग्रेग कपुलोची. डीसीने, म्हणजे बॅटमन छापणाऱ्या अमेरिकन कंपनीने, २०२४ पासून कॉम्पॅक्ट कॉमिक्स नावाने लहान आकाराची स्वस्त पुस्तकं काढलीत, तिकडे दहा डॉलरच्या आतली, त्यात हे आहे आणि गोष्टही मोठी मिळते.

त्यात एक प्रकरण आहे, बॅटमन चक्रव्यूहात अडकलेला, दिवसांचं भान गेलेलं, आणि पानं हळूहळू फिरायला लागतात. आधी पान आडवं होतं, तुला पुस्तक आडवं धरावं लागतं, मग पूर्ण उलटं, आणि एका क्षणी आपण पान पुढे उलटतोय की मागे हेच कळेनासं होतं. म्हणजे त्याची जी अवस्था झालीय तीच वाचणाऱ्याची होते. हे फोनवर वाचलं तर स्क्रीन आपोआप फिरते आणि सगळी मजा गेली. मी कोणतंही नवीन कॉमिक बघताना हेच शोधतो, की ही गोष्ट कॉमिकमध्येच सांगता येण्यासारखी आहे का, की सिनेमाची पटकथा चौकटीत बसवलीय. स्नायडरचा हा भाग आवडला तर ॲब्सोल्यूटचा पहिला ट्रेड बिनधास्त घे. नाही आवडला तर तुझे बरेच पैसे वाचले.

तपासायची सोपी पद्धत आहे. जवळपास प्रत्येक नवीन पुस्तकाची चार-पाच पानं ऑनलाइन प्रिव्ह्यूत असतात. ती आधी बोलण्याचे फुगे न वाचता फक्त चित्रं बघत जा. कोण कुठे उभा आहे, काय घडलं, कोणाला राग आला, हे शब्दांशिवाय समजतंय का? समजलं तर चित्रकाराला काम येतं. मग शब्द वाच. चित्रात जे दिसतंय तेच परत फुग्यात लिहिलेलं असेल तर लेखक आळशी आहे, पुढे जा.

या बाबतीत एक जुनं पुस्तक तू बघच, नवीन नाहीये पण नजर तयार होईल. भीमायन, २०११ चं, बाबासाहेबांवरचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांची. त्यात चौकटीच नाहीत, गोष्ट पानभर वाहत जाते. आणि बोलण्याचे फुगे बघ, साध्या, प्रेमळ बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि जातीवरून टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. बोलणारा कसा आहे हे शब्द वाचायच्या आधीच कळतं. असं काही एकदा बघितलं की गुळगुळीत कागद आणि चकचकीत रंगाला आपण भुलत नाही.

मांगाचं. इथे पैसे वसूल लवकर होतात, चारशे-पाचशेत दोनशेच्या आसपास पानं. पण अडकायला होतं लांबीमध्ये. वन पीस १९९७ पासून चालू आहे, भाग एकशेदहाच्या वर गेलेत. महिन्याला दोन घेतलेस, म्हणजे तुझं पूर्ण बजेट, तरी साडेचार वर्षांच्या वर लागतील आणि तोवर पुढचे आलेले असतील. मी असं नाही म्हणत की वाचू नको, वाच, पण विकत घ्यायला आधी संपलेली आणि आटोपशीर मालिका घे. डेथ नोट बारा भागांत संपते, प्लूटो आठ भागांत. फुजिमोतो या जपानी लेखक-चित्रकाराचं लुक बॅक तर एकाच भागात, दोन मुली, दोघींना चित्रं काढायचा नाद, बस एवढीच गोष्ट, आणि वाचून झाल्यावर मी लगेच परत पहिल्या पानावर गेलो. चालू असलेल्या मालिकांसाठी शुएइशा कंपनीचं मांगा प्लस ॲप आहे, २०१९ पासून, त्यात बहुतेक मालिकांचे पहिले तीन आणि ताजे तीन चॅप्टर फुकट आणि कायदेशीर वाचता येतात. तीन चॅप्टरमध्ये चौथ्याची ओढ लागली नाही तर यादीतून नाव काट. सोपं आहे.

आणि डुप्लिकेटपासून सांभाळ, याचा सुळसुळाट झालाय. दीडशे-दोनशेला नवीन मांगा कोणी देत असेल तर ते स्कॅन करून छापलेलं समज. हातात घेऊन बघ, काळा रंग पूर्ण काळा नसतो, राखाडी दिसतो, बारीक ठिपक्यांच्या छटा असतात ना त्या लिबलिबीत होऊन एकमेकांत मिसळतात, बाइंडिंगच्या बाजूचे फुगे घडीत गेलेले असतात, आणि दोन भाग शेजारी ठेवले की कण्यावरची नावं एका ओळीत येत नाहीत. ऑनलाइन असेल तर विक्रेत्याला आतल्या पानाचा फोटो माग. खरा माल असलेला माणूस पाठवतो. मूळ चित्रं काढणाऱ्याच्या हातात एक पैसा पडत नाही अशा पुस्तकात, म्हणून मी ते फुकट मिळालं तरी ठेवत नाही.

आता इंडियन. इथे मात्र घाई करायची, पण डोळे उघडे ठेवून.

राज कॉमिक्सचं आधी. नागराज, ध्रुव हे त्यांचे हिरो ऐंशीच्या दशकातले, आणि आपल्या लोकांना हे फार कमी माहिती असतं की नागराजच्या सुरुवातीच्या अंकांची चित्रं काढणारे प्रताप मुळीक पुण्याचे, अमर चित्र कथेतही त्यांचं मोठं काम आहे. त्यामुळे ते जुने अंक नव्याने छापून येतात तेव्हा मला आनंदच होतो. पण सध्या संजय गुप्ता आणि मनोज गुप्ता असं वेगवेगळ्या बॅनरखाली राज कॉमिक्स निघतं, आणि तीच गोष्ट वेगळ्या कव्हरमध्ये, वेगळ्या संग्रहात परत येते. म्हणून ऑर्डर करायच्या आधी आत कोणकोणते जुने अंक आहेत त्यांची नावं वाच आणि घरच्या कपाटाशी जुळवून बघ. मोठ्या पुठ्ठाबांधणीच्या आवृत्तीबरोबर मॅग्नेट, बुकमार्क, पोस्टर असलं काय काय देतात, ते बाजूला ठेवून पानं किती आणि त्यातली तू न वाचलेली किती, एवढाच हिशेब कर. साध्या बांधणीत तेच मिळत असेल तर ते घे, आणि उरलेल्या पैशात कोणातरी नवीन माणसाचं पुस्तक.

नवीन पब्लिशरवर मी यासाठी जोर देतो की त्यांचं पुढचं पुस्तक येणार की नाही हे पहिल्याच्या विक्रीवर ठरतं. अमेरिकन कंपनीला तुझ्या पाचशे रुपयांनी फरक पडत नाही, इथे पडतो. लांब कशाला, आपल्या ताप्ती रेल्वे लाइनच्या दुसऱ्या टोकाला सुरतेतून फेनिल कॉमिक्स निघतं. पण प्रीऑर्डरचे पैसे टाकायच्या आधी दोन गोष्टी बघ. याआधीचं पुस्तक लोकांच्या हातात पडलं का, सांगितलेल्या तारखेच्या महिनाभर इकडेतिकडे चालतं, पण पडलं का? आणि गोष्ट किती भागांची आहे? चार भागांची घोषणा आणि दुसऱ्यानंतर सगळं गप्प, हे बऱ्याच वेळा होतं, माझ्याकडेच एक मालिका अशी अर्धी पडून आहे, विचारलं तर उत्तर नाही. त्यामुळे नव्याकडून एका पुस्तकात संपणारी गोष्ट आधी घ्यायची, मालिका त्याने एक पूर्ण करून दाखवल्यावर. मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या मेळाव्याला, जमलं तर एकदा जाऊन ये, हे सगळे लोक स्वतः टेबलावर बसलेले असतात, पानं उलटून बघू देतात आणि कुरिअरचा खर्चही वाचतो.

मराठीत नवीन फार कमी निघतं, ते दुखणं वेगळं. जुन्या मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे, वेताळ आणि बहादूरचे अंक रद्दीत दिसले तर विचार करत बसू नको, ती छपाई १९९० ला बंद झाली. फक्त आधी मधली पानं मोज, मुलांनी कापून घेतलेली असतात.

पार्सलबद्दल थोडंसं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो तेव्हा जाड पुस्तकं मागवणं मी टाळतो, गाडीत आणि गोदामात तापून कण्याचा डिंक सुटतो, उघडलं की पानं हातात. मागवलंच तर आल्याबरोबर जोर लावून पूर्ण उघडू नको, रात्रभर घरात राहू दे. आणि पश्चिमेच्या भिंतीला टेकून कपाट नको, दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी होते.

न वाचलेल्यांचं काय, तर माझा नियम कडक आहे. न वाचलेली तीन पुस्तकं घरात असतील तर थांबून मिळणाऱ्या यादीतलं काहीच घ्यायचं नाही. न मिळणाऱ्या यादीला हा नियम लागू नाही, ते घेऊन ठेवायचं. आणि वाचून झालेलं फिरू दे. भुसावळ-जळगाव-पाचोरा-चाळीसगाव अप-डाऊन करणारे आम्ही काही जण गाडीतच पुस्तकं बदलतो, एकाने घेतलेला ट्रेड चार घरी वाचला जातो आणि प्रत्येकाचे पैसे दुसऱ्या पुस्तकाला राहतात. पारोळ्याहून तुला अमळनेर स्टेशन जवळ पडेल, तिकडूनही एक जण रोज येतो.

तर तुझ्या या महिन्याच्या हजारात मी असं करीन. ती नवीन पब्लिशरची प्रीऑर्डर एकाच पुस्तकात संपणारी असेल आणि त्यांचं आधीचं पुस्तक लोकांना मिळालेलं असेल तर ती पहिली. उरलेल्यात लुक बॅक. ॲब्सोल्यूट बॅटमन आत्ता नाही, कोर्ट ऑफ आउल्स माझ्याकडे आहे, अमळनेरवाल्याच्या हाती देतो, वाचून परत कर मग ठरव. राजची कलेक्टर एडिशन कोणती ते तू लिहिलेलं नाहीस, आतल्या अंकांची नावं टाक, त्यातलं काय परत छापलेलं आहे ते बघून सांगतो.