एवढ्याशा एमआरआयला भूलतज्ज्ञ कशाला?

अडीच वर्षांच्या मुलीच्या मेंदूचा एमआरआय आहे, सेंटरवाले म्हणतात झोपेच्या सिरपवर भागेल, भूलतज्ज्ञ बोलावला तर पैसे वेगळे. बोलवावा का, असं तुम्ही विचारलंय. बोलवा. मी परभणीत हेच काम करते, त्यामुळे "तुमचा तर धंदाच आहे" म्हणणारे म्हणतीलच. म्हणू द्या.

थिएटरमध्ये मी पेशंटच्या उशाशी असते. छाती हलताना दिसते, ओठांचा रंग दिसतो. एमआरआयला लेकरू बोगद्यात, मी बहुतेक वेळ काचेपलीकडे, आणि मशीनचा असा ठणठणाट की श्वास अडकल्याची घरघरसुद्धा ऐकू येत नाही. मशीन म्हणजे मोठं चुंबक, साधा मॉनिटर आत चालत नाही. ऑक्सिजनचा लोखंडी सिलिंडर तर न्यायचाच नाही. २०१८ मध्ये मुंबईत सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण मशीनकडे खेचला जाऊन दगावला होता. आणि याला लोक "थोडीशी भूल" म्हणतात!

मागे शेजारच्या जिल्ह्यातल्या एका सेंटरने बोलावलं होतं. फिट येणारं तीन वर्षांचं पोरगं, घरचे पहाटेच्या एसटीने आलेले. खाल्लंय का विचारलं तर बाप म्हणाला, "रात्रीपासून पाणीबी नाही." असं सगळेच बाप सांगतात. मी आजीकडे वळले. "लई रडायलं होतं ओ, म्हणून दुधात दोन बिस्कुटं कालवून दिली. आत्ताच, स्टँडवर."

भुलेआधी पोट रिकामं लागतं: वरच्या दुधाला सहा तास, आईच्या दुधाला चार, साध्या पाण्याला दोन. भूल चढल्यावर पोटातलं वर आलं तर लेकराला ठसका लागत नाही, ते सरळ फुप्फुसात उतरतं. मी म्हटलं, दुपारनंतर करू. बाप चिडला, त्याचा रोज बुडला होता; त्याचा राग मला कळतो. पण सेंटरचे मालक बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, काम पाच मिनिटांचं आणि नखरे थिएटरचे. सिरपवर आत्तापर्यंत दोन स्कॅन झाले असते." मी विचारलं, घशात आलेलं ओढून काढायचं सक्शन मशीन कुठाय? ते स्टोअरमध्ये, खोक्यात निघालं. दुपारी स्कॅन व्यवस्थित झाला. त्या सेंटरचा फोन पुन्हा काही आला नाही.

सिरप वाईट नाही, मीही देते. पण ते एकदा गिळलं की परत घेता येत नाही. चढायला वेळ लागतो, तेवढ्यात कुणीतरी अजून थोडं पाजतं, आणि खरी गुंगी येते ती घरी जाताना, जीपमध्ये, हनुवटी छातीवर टेकून श्वासाची वाट दबलेली असताना. आम्ही शिरेतून देतो त्या प्रोपोफॉल या भुलेच्या औषधाला उतारा नाही, जास्त गेलं तर श्वास थांबतो, हे खरंच. पण थांबवलं की काही मिनिटांत उतरतं, आणि देणारा माणूस तिथून हलत नाही. गुंगी कुठे संपते आणि पूर्ण भूल कुठे सुरू होते, हे लहान लेकरात आधी सांगता येत नाही. म्हणून नाकाशी, बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी हवी. ऑक्सिजन लावलेला असताना बोटाला लावलेल्या यंत्रावरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ छान दिसत राहतो, श्वास थांबला तरी.

हां, प्रत्येकाला भूल लागतेच असं नाही. काही महिन्यांचं बाळ पाजून, गुंडाळून झोपवलं तर पुष्कळदा निभावतं. आठ-नऊ वर्षांचं समजावलं, कानात बोळे घातले की पडून राहतं. सीटी स्कॅन तर काही सेकंदांचा. तुमची मुलगी नेमकी मधली आहे. सर्दी, खोकला, ताप असेल किंवा झोपेत घोरत असेल तर आधीच सांगा, तारीख पुढे गेली तरी चालेल. फिटची गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी कशी द्यायची ते विचारा, मनाने बंद करू नका.

आणि मुलगी नीट जागी होऊन तुम्हाला ओळखेपर्यंत तिथून निघू नका, गाडी खोळंबली तरी. ड्रायव्हर वेटिंगचे पैसे वेगळे घेईल. ते द्यायला कुणी का-कू करत नाही, हेही मी पाहिलंय.