बीएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदवीच्या) पहिल्या सत्रात ‘व्यावसायिक क्षमता’ नक्की शिकवायच्या कशा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुंबईतल्या एका कॉलेजात तुम्ही यंदाच लागलात, ‘समाजकार्याची ओळख’ हा पेपर वाट्याला आलाय, त्यात ‘व्यावसायिक क्षमता’ नावाचं युनिट आहे. मुलं तत्त्वं घडाघडा म्हणून दाखवतात, पण समोरच्या अनोळखी माणसाशी पाच मिनिटं बोला म्हटलं की एकमेकांकडे बघत बसतात. फील्डवर्क अजून ऑब्झर्व्हेशन व्हिजिटच्या, म्हणजे नुसतं जाऊन बघून येण्याच्या, पुढे गेलेलं नाही. तर वर्गात करायचं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी नऊ वर्षं महापालिकेच्या एका हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर होते, नंतर शिकवायला लागले. पहिली तीन-चार वर्षं हे युनिट मी अत्यंत वाईट शिकवलं. त्यामुळे पुढचं सगळं ठेच लागल्यानंतरचं शहाणपण आहे.

माझं उत्तर एका वाक्यात: पहिल्या सत्रात मुलांना पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं लिहायला शिकवा. बाकीच्या क्षमता त्या लिखाणातूनच एकेक करून पकडता येतात.

क्षमतांच्या ज्या याद्या आपल्याकडे फिरतात, त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेतल्या समाजकार्य शिक्षण परिषदेच्या मापदंडांवरून आलेल्या. त्यांनी 2008 मध्ये दहा क्षमता ठरवल्या, 2015 मध्ये त्यांच्या नऊ केल्या. त्यामागचा विचार चांगला होता. वर्गात काय शिकवलं हे मोजण्यापेक्षा शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी काय करू शकतो, ते बघायचं. आपण मात्र त्याची उलटी गंमत केली. करण्याच्या गोष्टींची यादी घेतली आणि तीच पाठ करायला दिली! ‘कोणत्याही पाच क्षमता लिहा, गुण दहा.’ समाजकार्यकर्ता आणि क्लायंट यांच्या नात्याबद्दलच्या बिस्टेकच्या 1957 मधल्या सात तत्त्वांचं तर आपण कधीच लोणचं घातलंय.

आता एक रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीनंतर लिहायची नोंद, बघा. व्हिजिटला एजन्सीच्या (ज्या संस्थेत फील्डवर्क असतं तिच्या) ताईंबरोबर एका घरी जाऊन आल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं: ‘क्लायंट अत्यंत गरीब, अशिक्षित व असहाय असून मुलाच्या शिक्षणाबाबत उदासीन आहे.’ मी तिला शेजारी बसवलं. उदासीन कशावरून? तर म्हणे, आम्ही बोलत होतो तरी ती वर बघतच नव्हती, सारखी काम करत होती. कसलं काम? मणी ओवत होती. पैसे कसे मिळतात? डझनावर. तुम्ही किती वेळ बसलात? चाळीस मिनिटं असू. खोलीत अजून काय होतं? निळा पिंप, शिलाई मशीन, आणि हो, भिंतीला मुलाच्या शाळेचं वेळापत्रक चिकटवलेलं होतं. छापील? नाही, हाताने लिहिलेलं, हिंदीत. कोणी लिहिलं? इथे पोरगी थांबली. ‘तिनेच म्हणाली ती.’

म्हणजे ‘अशिक्षित’ गेलं, ‘उदासीन’ गेलं, आणि ‘असहाय’ला तर मुळात आधारच नव्हता. तिने पुन्हा लिहून आणलं: ‘आम्ही साधारण चाळीस मिनिटं बसलो. ताई बोलताना मणी ओवत होत्या, त्याचे पैसे डझनावर मिळतात. भिंतीवर मुलाचं वेळापत्रक होतं, ताईंच्या अक्षरात. मला वाटलं होतं की त्यांना आमच्याशी बोलायचं नाही. आता वाटतं, आम्ही त्यांच्या कामाच्या वेळेत गेलो.’

निरीक्षण, पूर्वग्रह ओळखणं, स्वतःकडे बघणं, दुसऱ्याच्या वेळेची कदर हे सगळं त्या पाच ओळींत आलं. तिला मी यातल्या एकाही क्षमतेचं नाव सांगितलं नव्हतं. नावं नंतर द्या, परीक्षेला लागतात म्हणून. त्या वेळी मुलं स्वतःच उदाहरण शोधतात.

यासाठी साधी वही पुरते. पानाचे तीन उभे भाग करायचे: पाहिलं-ऐकलं, मला वाटलं, विचारायचं राहिलं. तिसरा रकाना सुरुवातीला कोराच असतो. तो भरायला लागला की समजायचं, गाडी रुळावर आली.

हा तिसरा रकाना मला एका टॅक्सीवाल्याने शिकवला. हॉस्पिटलात असताना टीबीचे पेशंट औषध मध्येच सोडायचे, म्हणून माझ्याकडे पाठवायचे. सहा महिन्यांचा कोर्स, दोन महिन्यांत बरं वाटायला लागतं, माणूस सोडतो, हे पुस्तकी कारण माझ्या डोक्यात पक्कं. या टॅक्सीवाल्यालाही मी विचारलं, ‘औषध का सोडलं?’ तो खाली बघून म्हणाला, ‘गलती हो गयी मॅडम.’ संपलं! पुढच्या खेपेला, का कोण जाणे, मी विचारलं की गोळ्या ठेवता कुठे. तर गोळ्या टॅक्सीत. खोलीवर बाकीच्या सात जणांना कळलं तर बाहेर काढतील म्हणून. आणि टॅक्सी रात्रपाळीला दुसऱ्याकडे जायची, तो दुसरा कधी गाडी वेळेवर आणून द्यायचा, कधी नाही. हे माझ्या ‘का’ला कधीच मिळालं नसतं. ‘का’ म्हटलं की माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. त्यामुळे पहिल्या रोल प्लेला माझ्या वर्गात ‘का’ला बंदी असते. कुठे, केव्हा, कसं, मग काय झालं, एवढ्यावर भागवायचं. तिघांचे गट करा. एक विचारणारा, एक सांगणारा, तिसरा फक्त ‘का’ मोजणारा. मुलं हसून लोळतात, कारण पहिल्या दोन मिनिटांत सहा-सात तरी निघतात.

दुसरी गोष्ट जरा आपल्या भाषेतली आहे, म्हणून परदेशी याद्यांत ती सापडणार नाही. तू आणि तुम्ही. बिस्टेकच्या ‘स्वीकार’ या तत्त्वावर पानभर लिहिणारा मुलगा व्हरांडा झाडणाऱ्या बाईंना ‘ए मावशी, सरक जरा’ म्हणतो, आणि ऑफिसातल्या क्लार्कला ‘सर, तुम्ही’. आता मावशीला, आईला, आजीला आपण ‘तू’च म्हणतो आणि त्यात माया असते, हे मुलं लगेच ऐकवतात. बरोबर आहे. म्हणून नियम करू नका, त्यांना ऐकायला लावा. केस पेपरच्या रांगेत कुणाला कोण ‘तू’ म्हणतं, कुणाला ‘तुम्ही’, आणि कपडे बदलले की क्रियापद बदलतं का, एवढंच टिपून आणायला सांगा. हिंदीत तर अजून पंचाईत. आपली मुंबईची हिंदी दोस्तीची असते, ‘तेरेको क्या हुआ’ आपल्याला खटकत नाही. पण जौनपूरहून आलेल्या सत्तरीच्या आजोबांना ते कानाखाली मारल्यासारखं लागतं. मराठी माध्यमातल्या मुलांकडून ‘आप’ आणि ‘बैठिए’ मुद्दाम घोटून घ्या. आदर मनात असून भागत नाही, तो ऐकू यायला लागतो.

आता माझी फजिती सांगते. एका वर्षी मी वस्तीचे फोटो घालून स्लाइड्स केल्या होत्या. तुंबलेलं गटार, नळावरची रांग, ‘नागरी दारिद्र्य’ वगैरे. तास संपल्यावर मानखुर्दहून येणारी एक मुलगी थांबली आणि शांतपणे म्हणाली, ‘मॅडम, चौथ्या स्लाइडवरची गल्ली आमची आहे.’ त्या तासात मी निदान वीस वेळा ‘या लोकांना’ म्हटलं असेन. तुमच्या वर्गातही गोवंडी, धारावी, मालवणीतली मुलं असतीलच. त्यांच्यासाठी ‘फील्ड’ म्हणजे घर. ती मुलं क्लायंटच्या बाजूचं जे जाणतात ते तुमच्या-माझ्या नोट्समध्ये नाही, पण म्हणून त्यांना वर्गात उभं करून ‘सांग बरं तुमच्याकडे कसं असतं’ असं चुकूनही करू नका. स्वतःहून बोलली तर बोलू द्या. भाषा मात्र सगळ्यांची बदला, आधी आपली.

आपल्याच शहरात 1936 मध्ये देशातलं पहिलं समाजकार्य विद्यालय नागपाड्यातल्या एका वस्ती-केंद्राच्या इमारतीत सुरू झालं. तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झालं. वर्ग आणि वस्ती एकाच छताखाली. आज आपण वस्ती बघायला बस करून जातो आणि वस्ती आपल्याच बाकांवर बसलेली असते.

गोपनीयतेवर थोडं सावकाश बोलते, कारण इथे चूक महागात पडते. ‘क्लायंटने सांगितलेलं कुणालाही सांगायचं नाही’ असं मी सरसकट शिकवायचे. अभ्यासवर्ग घेणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला तिथल्या अकरा वर्षांच्या मुलीने घरातल्या एका माणसाबद्दल काही सांगितलं, आणि शपथ घातली. विद्यार्थिनी दोन आठवडे गप्प राहिली. माझ्या शिकवण्याप्रमाणे ती बरोबरच वागत होती! मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशी माहिती कळलेल्या कुणालाही ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला द्यावीच लागते, आणि न दिल्यास कलम 21 खाली शिक्षा आहे. आय.सी.मध्ये, म्हणजे फील्डवर्कवरच्या आमच्या दोघींच्या बैठकीत, पोरगी रडायला लागली तेव्हा मला कळलं. पुढची पावलं संस्थेने उचलली, पण ते दोन आठवडे माझ्या खात्यावर.

तेव्हापासून पहिल्याच महिन्यात मी मुलांकडून एक वाक्य तोंडपाठ करून घेते. पाठांतराला एवढी नावं ठेवून हे एकच पाठांतर: ‘तू सांगशील ते मी इकडेतिकडे बोलणार नाही. पण तुला किंवा कुणाला धोका आहे असं वाटलं, तर मला माझ्या मॅडमना सांगावं लागेल, आणि ते मी तुला सांगूनच करेन.’ हे बोलणं सुरू व्हायच्या आधी म्हणायचं असतं, नंतर नाही. सोबत 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर. आणि गोपनीयता खरी मोडते ती कुठे? हार्बर लाइनच्या डब्यात. चार मुली फील्डवर्कहून परतताना नावगाव घेऊन केसची चर्चा करतात आणि समोर त्याच वस्तीतली बाई भाजी निवडत बसलेली असते. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या फोटोंचंही तेच. बाळवाडीतल्या मुलांबरोबरचे सेल्फी पहिल्याच दिवशी बंद करा, रुसली तरी चालेल.

फील्डवर्क नसताना कुठे पाठवायचं, हा तुमचा खरा प्रश्न. मी स्वतःचं काम घेऊन पाठवते. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, रेशन कार्डात नाव चढवणं, बऱ्याच जणांना स्कॉलरशिपसाठी यातलं काही ना काही हवंच असतं. एजंट लावायचा नाही, वडिलांना पाठवायचं नाही. सेतू केंद्रात किंवा रेशनिंग ऑफिसात स्वतः उभं राहायचं आणि तीन रकान्यांत लिहायचं. कुठला कागद कमी पडला, तो लागतो हे कुठे लिहिलेलं होतं, खिडकीतला माणूस काय म्हणाला, बोटांत काय झालं, पोटात काय झालं. एक मुलगा तिसऱ्या खेपेला परत आला तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, मला इंग्रजी येतं, माझ्याकडे फोन आहे, तरी मला तिथे रडू येत होतं.’ व्यवस्थेशी काम करण्याची क्षमता यावर माझं अर्धं युनिट तिथेच झालं. शिवाय यात कुणाच्या गरिबीकडे टक लावून बघावं लागत नाही, हा मोठा फायदा.

मुलं विचारतील, हे सगळं करून आम्हाला परवाना मिळतो का, वकिलांसारखा. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या यादीत वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्यकर्ते आलेत, तेवढं सांगा. फार आशा लावू नका.

राहिला प्रश्न वेळेचा. चाळीस वह्या तपासणं म्हणजे रविवार गेला. मी दर आठवड्याला दहाच वह्या घेते, महिन्यात फेरा पूर्ण होतो. लाल पेन वापरत नाही, समासात पेन्सिलने फक्त प्रश्न लिहिते: ‘कशावरून?’, ‘ती नेमकी काय म्हणाली?’, ‘तू तेव्हा कुठे बसली होतीस?’ मार्क वहीला देऊच नका, नाहीतर मुलं मॅडमना आवडेल ते लिहायला लागतात. मार्क द्यावेच लागत असतील तर सत्राच्या शेवटी त्यांना स्वतःचं पहिलं रेकॉर्डिंग परत द्या आणि तेच पान पुन्हा लिहायला सांगा, त्याला द्या. तारीख घालायला मात्र पहिल्या दिवसापासून लावा. माझी एक अख्खी बॅच बिनतारखेची गेली आणि कुठलं पान आधीचं, कुठलं नंतरचं, हे ठरवताना आमची भांडणं झाली.