वाहन-सल्ला : छोटी एसयूव्ही देऊन हायब्रिड घेताना

या वेळच्या टपालात मराठवाड्यातल्या वाचकांचे बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती आहेत. हाताशी असलेली छोटी एसयूव्ही विकून हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी घ्यावी का, हा तो प्रश्न. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे २०१७ ची पेट्रोलवरची छोटी एसयूव्ही आहे. अंबाजोगाई ते लातूर रोजचं जाणं-येणं आहे, वर्षाला २४ हजार किलोमीटर होतात. गाडी लिटरला १४ च्या पुढं जात नाही. हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज २८ सांगतात. म्हणजे खर्च निम्म्यावर येईल का? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : निम्म्यावर येणार नाही, पण तिसरा हिस्सा वाचेल. मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या दोन्ही गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिडचा (इंजिन बंद ठेवूनही मोटरवर चालू शकणाऱ्या प्रकाराचा) २७.९७ हा आकडा चाचणीतला आहे. ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर आणि बेताच्या वेगात होते. तुमच्या रस्त्यावर ८०-९० चा वेग, एसी चालू आणि गाडीत दोन-तीन माणसं असताना २० ते २२ मिळालं तर गाडी ठीक चालली आहे असं समजा.

आपण २१ धरू. आज तुम्हाला वर्षाला सुमारे १,७१४ लिटर पेट्रोल लागतं, तेव्हा १,१४३ लिटर लागेल. म्हणजे ५७१ लिटरची बचत. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाला जवळपास ६० हजार रुपये.

आता हे पैसे किती वर्षांत वसूल होतात, ते तुम्ही तुलना कशाशी करता यावर ठरतं. त्याच मॉडेलची साधी पेट्रोल गाडी आणि स्ट्राँग हायब्रिड यांत साधारण अडीच-तीन लाखांचं अंतर असतं. तुमच्या फिरण्यावर ते चार-पाच वर्षांत भरून निघतं. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के लागतो. या हायब्रिडचं इंजिन १,४९० सीसीचं आणि लांबी चार मीटरच्या वर, म्हणून तिला ४० टक्के. वर आरटीओत हायब्रिडला पेट्रोल गाडीचाच एकरकमी कर भरावा लागतो. इलेक्ट्रिकला मिळते तशी माफी महाराष्ट्रात तिला नाही. त्यामुळे नवी छोटी एसयूव्ही आणि हायब्रिड यांच्या ऑन-रोड किमतीत सहा-सात लाखांचा फरक सहज पडतो. तो फक्त पेट्रोलच्या बचतीतून भरायचा म्हटलं तर दहा-अकरा वर्षं जातील.

तेव्हा आमचं स्पष्ट मत असं : मोठी गाडी घ्यायचं घरात ठरलेलंच असेल तर तुम्ही हायब्रिडच घ्या. पण सध्याची गाडी ठणठणीत असेल आणि फक्त पेट्रोल वाचवायचं असेल तर ती विकू नका. वर्षाला दहा-बारा हजारच फिरणाऱ्यांनी तर हा विचार सोडूनच द्यावा.

प्रश्न : माझी डिझेल एसयूव्ही हायवेला १८ देते. नांदेड-संभाजीनगर वारंवार असतं. हायब्रिडचा फायदा होईल? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : इंधनात जवळजवळ शून्य. २४ हजार किलोमीटरला तुम्हाला १,३३३ लिटर डिझेल लागतं. ९२ रुपयांनी सव्वा लाखाच्या जरा आत. हायब्रिडला तेवढ्याच अंतरात १,१४३ लिटर पेट्रोल, म्हणजे १ लाख २० हजार. हायवेवर डिझेल मुळातच काटकसरी असतं. आवाज कमी हवा, ऑटोमॅटिक हवी, डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी) चोंदण्याची कटकट नको, अशी कारणं असतील तर जरूर घ्या, पण बचतीसाठी नको.

प्रश्न : माझ्या गाडीवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलंय, तरी अ‍ॅव्हरेज साधंच मिळतं. मग माझी गाडी हायब्रिड आहे की नाही? दुसरी घेतली तर घरी चार्जिंग पॉइंट बसवावा लागेल का? माझं सगळं चालवणं शहरातच, शाळा आणि बाजार. (एक शिक्षिका, परभणी)

उत्तर : तुमची गाडी माइल्ड हायब्रिड आहे. तिच्यात पट्ट्यावर चालणारा छोटा मोटर-जनरेटर असतो. सिग्नलला बंद झालेलं इंजिन तो चटकन चालू करतो आणि उचल घेताना इंजिनला थोडा हातभार लावतो. नुसत्या विजेवर ती गाडी चाक फिरवू शकत नाही, म्हणून अ‍ॅव्हरेजमध्ये फरक थोडाच. शोरूममध्ये एकच प्रश्न विचारा : इंजिन बंद ठेवून ही गाडी मोटरवर पुढं जाते का? जात असेल तर ती स्ट्राँग हायब्रिड.

चार्जिंग पॉइंट लागत नाही. या गाड्यांना चार्जिंगची पिनच नसते. ब्रेक लावताना चाकांच्या गतीतून आणि गरज पडेल तेव्हा इंजिनकडून बॅटरी भरते. बॅटरीही लहान असते. ग्रँड विटारा-हायरायडरची ०.७६ किलोवॅट-अवर, म्हणजे घरच्या मीटरवरचं जेमतेम पाऊण युनिट, आणि त्यातलाही मधला भागच गाडी वापरते. म्हणून मे महिन्यात एसी लावून थांबलात की थोड्या थोड्या वेळानं इंजिन आपोआप चालू होणारच. एसीचा कॉम्प्रेसर याच बॅटरीवर चालतो. तो बिघाड नव्हे.

शहरात मात्र हायब्रिडचा खरा कस दिसतो, कारण थांबा-निघा जितकं जास्त तितकी ब्रेकमधून वीज परत मिळते. तीन सवयी लावून घ्या. पुढं थांबायचं दिसलं की लांबूनच पाय उचला आणि ब्रेक हलका, पण जास्त वेळ दाबा. ऐनवेळी कचकन ब्रेक मारला की डिस्क-पॅडचे ब्रेक लागतात आणि ती ऊर्जा उष्णतेत जाते. दुसरं, इंजिन चालू होऊ नये म्हणून गाडी रांगवत नेऊ नका. नेहमीसारखी उचल घ्या, वेग आला की पाय सैल करा. तिसरं बऱ्याच जणांना माहीत नसतं : रेल्वे फाटकात थांबताना गिअर ‘एन’मध्ये (न्यूट्रलमध्ये) टाकू नका. एनमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. थांबा लांबणार असेल तर ‘पी’ (पार्किंग) लावा.

परभणीत पेट्रोल राज्यातल्या महागड्या दरांपैकी एका दरानं मिळतं, कारण ते मनमाडच्या डेपोतून लांबून टँकरनं येतं. तरी रोज आठ-दहा किलोमीटर फिरण्यासाठी एवढी महाग गाडी घेणं आम्हाला पटत नाही. घरी पार्किंग आणि विजेचा पॉइंट असेल तर तुमच्यासाठी छोटी इलेक्ट्रिक गाडी जास्त योग्य. तिला जीएसटीही ५ टक्केच आहे.

प्रश्न : नवी हायब्रिड गावात २४ देते आणि समृद्धीवर नेली की १७. गाडीत दोष आहे का? (एक वाचक, जालना)

उत्तर : दोष नाही. समृद्धीवर कारला ताशी १२० ची मर्यादा आहे आणि बहुतेक जण काटा तिथंच धरून ठेवतात. त्या वेगात हवेचा अडथळा मोडण्यातच ताकद खर्च होते. ९० वरून १२० वर गेलात की हा अडथळा पावणेदोन पटींहून जास्त होतो. सलग रस्त्यावर ब्रेकच लागत नसल्यामुळे परत मिळवायला ऊर्जाही नसते. मोटर-बॅटरी नुसती सोबतीला बसून असते आणि सगळा भार पेट्रोल इंजिनवर येतो. ९५ च्या आसपास ठेवलात तर आकडा २० च्या पुढं जायला हवा. ठेवूनही १७ च येत असेल तर आधी टायरमधली हवा थंड असताना तपासा, नंतर छतावरचं कॅरिअर काढा.

इथेनॉलचाही थोडा वाटा आहे. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागं ऊर्जाच कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई२० साठी जुळवलेल्या चारचाकीत १-२ टक्के आणि जुन्या रचनेच्या गाडीत ६-७ टक्के घट धरली आहे.

प्रश्न : शेत रस्त्यापासून आत आहे, काळी माती. पावसाळ्यात गाडी रुतली की ट्रॅक्टरनं ओढून काढतो. सोयाबीनचे दोन-चार कट्टे डिकीत टाकतो. हायब्रिडला हे चालेल का? घाटात काही वेगळं करावं लागतं का? (एक शेतकरी, बीड तालुका)

उत्तर : जमिनीपासूनची उंची पुरते, कारण ग्रँड विटारा-हायरायडर मुळात एसयूव्हीच आहेत. होंडाची सिटी हायब्रिड मात्र सेडान आहे. शेतरस्त्याच्या उंचवट्यावर तिचं पोट घासेल.

डिकीची अडचण आहे. बॅटरी मागं असल्यामुळे जागा कमी होते. ग्रँड विटाराच्या साध्या गाडीत ३७३ लिटर आहे, हायब्रिडमध्ये २६५. दोन कट्टे बसतील, त्यापुढं सीट पाडावी लागेल. सीट पाडून धान्य भरताना बॅटरीच्या हवेची जाळी झाकली जाणार नाही हे बघा. बॅटरी गाडीच्या आतल्याच हवेनं थंड होते. जाळी नेमकी कुठं आहे ते गाडीच्या पुस्तिकेत पहिल्याच दिवशी शोधून ठेवा.

ट्रॅक्टरचं ऐका. रुतलेली गाडी पुस्तिकेत दाखवलेल्या हुकला दोर लावून हात-दोन हात हळू बाहेर काढणं वेगळं. बंद पडलेली गाडी पुढची चाकं जमिनीवर ठेवून गावापर्यंत ओढत नेणं हे करायचं नाही. चाकं फिरली की त्यांना जोडलेली मोटरही फिरते, वीज तयार होते आणि महागडा भाग जळू शकतो. पुढची चाकं उचलणारी क्रेन किंवा सपाट ट्रॉलीची गाडी बोलवा. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालूच नका. पाण्यात बुडून निघालेली हायब्रिड चालू करून बघायची नाही आणि बॉनेटखालच्या नारिंगी वायरींना हात लावायचा नाही. त्या उच्च दाबाच्या असतात. विमा घेताना इंजिन प्रोटेक्ट (इंजिनच्या नुकसानीचं जादा संरक्षण) जोडा आणि हायब्रिड सिस्टिम त्यात येते का ते लेखी घ्या.

मांजरसुंबा किंवा कन्नडचा घाट उतरताना गिअर ‘बी’मध्ये (उतारावर वेग रोखून धरणाऱ्या गिअरमध्ये) ठेवा. बॅटरी लहान असल्यामुळे लांब उतारावर ती मध्येच भरते. मग गाडी इंजिन फिरवून वेग अडवते आणि इंजिनाचा आवाज एकदम चढतो. घाबरू नका, ते तसंच व्हायला हवं. उतार संपला की पुन्हा ‘डी’.

प्रश्न : आमच्याकडे पारा ४३ च्या वर जातो. बॅटरी किती टिकेल? गावातला मेकॅनिक चालेल? (एक वाचक, हिंगोली)

उत्तर : मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, यांतलं आधी पूर्ण होईल ते. उन्हापेक्षा धूळ आणि कापसाचे तंतू तिचे जास्त वैरी आहेत. हवेच्या जाळीमागची गाळणी चोंदली की पंखा मोठ्यानं घोंघावतो, बॅटरी तापते आणि गाडी मोटरचा वापर आपोआप कमी करते. उन्हाळ्याआधी आणि दिवाळीनंतर ती साफ करून घ्या. तापलेल्या गाडीत बसताना आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. ज्या हवेनं तुम्ही गार होता त्याच हवेनं बॅटरीही गार होते.

टायर, सस्पेन्शन, ब्रेक पॅड, काच ही कामं गावात होतील. कूलंट मात्र जपून : इंजिनची आणि इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी करून देणाऱ्या भागाची) अशा दोन वेगळ्या बाटल्या असतात. इन्व्हर्टरच्या बाटलीत साधं पाणी पडलं तर पुढं मोठा खर्च. ऑइलही पुस्तिकेतल्याच ग्रेडचं. घरात धान्य किंवा कापूस साठवत असाल तर गाडी त्यापासून लांब लावा. उंदरांनी कुरतडलेल्या साध्या वायरी जोडता येतात, नारिंगी वायरीचा संचच बदलावा लागतो.

प्रत्यक्षात रस्त्यात अडवते ती बहुतेक वेळा छोटी १२ व्होल्टची बॅटरी. गाडीचे सगळे कॉम्प्युटर तिच्यावर चालतात. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही समोरच्या पडद्यावर ‘रेडी’ (गाडी निघायला तयार) असं लिहून येत नाही. या गाडीला धक्का मारून चालू करता येत नाही. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा तास-अर्धा तास ‘रेडी’वर ठेवा, पण बंद शेडमध्ये नाही, कारण इंजिन मध्येच चालू होतं. जंपर केबल गाडीत असू द्या, आणि ती कुठं जोडायची ते पुस्तिकेतलं पान बघून ठेवा. मदत घेण्यापुरतीच ती वापरा. या गाडीवरून दुसऱ्याचा ट्रॅक्टर किंवा जीप चालू करून देऊ नका, त्या झटक्यानं डीसी कन्व्हर्टरला (मोठ्या बॅटरीवरून १२ व्होल्टची बॅटरी भरणाऱ्या भागाला) इजा होऊ शकते.