वाचकांचे प्रश्न: सर्व्हरवर घरून लॉगिन, परवानगी कुठे आणि किती

प्रश्न: मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. ऑफिसात आठ कॉम्प्युटर आणि विंडोज सर्व्हर २०१९ चा एकच सर्व्हर. डोमेन (सगळ्यांची खाती आणि लॉगिन एकाच जागी सांभाळणारी व्यवस्था), टॅलीचा डेटा, शेअर केलेले फोल्डर, सगळं त्याच्यावरच. अकाउंट्स बघणाऱ्या ताई दांडिया बाजारात राहतात. जीएसटी रिटर्नच्या दिवसांत त्यांना घरून काम करता यावं म्हणून त्यांचं खातं दुरून कॉम्प्युटर वापरणाऱ्यांच्या 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' या गटात टाकलं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर त्या रोज लॉगिन करतात, पण सर्व्हर म्हणतो, दुरून साइन इन करण्याचा हक्क तुम्हाला नाही. एका ओळखीच्याने सुचवलं, 'डोमेन ॲडमिन करून टाका, लगेच चालेल.' करावं का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर: करू नका. चालेल हे खरं, पण मग त्यांचा पासवर्ड ज्याच्या हाती लागेल त्याच्या ताब्यात तुमचं अख्खं ऑफिस जाईल: आठही कॉम्प्युटर, सगळी खाती, बॅकअपसुद्धा.

अडलं कुठे ते आधी पाहू. दुरून लॉगिन होताना विंडोज दोन गोष्टी तपासतं. एक, रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीवर या खात्याला परवानगी आहे का. दोन, 'अलाऊ लॉग ऑन थ्रू रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस' हा हक्क त्याला आहे का. साध्या सर्व्हरवर 'रिमोट डेस्कटॉप युजर्स' गटाकडे दोन्ही असतात, म्हणून तिथे गटात नाव टाकलं की काम झालं. तुमचा सर्व्हर मात्र डोमेन कंट्रोलर, म्हणजे डोमेनची सगळी खाती सांभाळणारा सर्व्हर आहे, आणि तिथे हा दुसरा हक्क मुळात फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्सना दिलेला असतो. गटात नाव असूनही ताई अडतात त्या इथेच. ही चूक नाही, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे: ऑफिसातल्या सगळ्यांचे पासवर्ड ज्या यंत्रात साठवलेत, तिथे रोजचं काम करायला कुणी बसू नये.

हक्क देता येतोच. सर्व्हरवर 'ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट' हे नियम ठरवायचं साधन उघडून 'डीफॉल्ट डोमेन कंट्रोलर्स पॉलिसी' एडिट करायची. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, पॉलिसीज, विंडोज सेटिंग्ज, सिक्युरिटी सेटिंग्ज, लोकल पॉलिसीज, युजर राइट्स असाइनमेंट, असं आत जाऊन वर सांगितलेला हक्क शोधायचा. इथे बरेच जण फसतात. पॉलिसीत यादी भरली की ती आधीच्या यादीत मिसळत नाही, तिची जागाच घेते. म्हणून गटाबरोबर 'ॲडमिनिस्ट्रेटर्स' हे नावही त्यात घालायलाच हवं, नाहीतर तुमचंच दुरून लॉगिन बंद पडेल आणि सर्व्हरसमोर जाऊन बसावं लागेल. मग बदल लगेच लागू व्हावा म्हणून 'जीपीअपडेट' ही आज्ञा चालवायची. शेजारीच 'डिनाय' शब्दाने सुरू होणारा याच नावाचा हक्क आहे. त्यात खात्याचं किंवा त्याच्या एखाद्या गटाचं नाव असेल, तर दिलेली परवानगी कितीही पक्की असली तरी नकारच चालतो.

पण आमचं स्पष्ट मत आहे की तुम्ही हे करू नये. ताईंना सर्व्हर कशाला हवाय? हवं आहे ते त्यांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आधीपासून आहे. घरून त्याच कॉम्प्युटरवर लॉगिन करू द्या. त्याला विंडोज प्रो लागतं, होम आवृत्तीवर बाहेरून लॉगिन घेता येत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग रिमोट डेस्कटॉप चालू करा, आणि युजर निवडण्याच्या खिडकीत फक्त ताईंचं खातं घाला. 'नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन', म्हणजे डेस्कटॉप दिसायच्या आधीच पासवर्ड तपासण्याची सोय, चालूच ठेवा. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावं म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज परतल्यावर चालू होण्याचा पर्याय असतो, तोही लावून घ्या. नाहीतर ऐन १९ तारखेच्या रात्री बंद कॉम्प्युटर चालू करायला कुणाला तरी मकरपुऱ्याला पाठवावं लागेल.

यात आणखी एक फायदा आहे. टॅलीचा डेटा ऑफिसच्या नेटवर्कमध्येच राहतो, घरी येतं ते पडद्यावरचं चित्र. मध्येच इंटरनेट तुटलं तरी टॅली ऑफिसात चालूच असते, पुन्हा जोडलं की व्हाउचर जिथे होतं तिथे सापडतं. याउलट घरच्या लॅपटॉपवर टॅली उघडून सर्व्हरवरचा डेटा व्हीपीएनमधून (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित वाटेने) वाचायला गेलात, तर ती रखडते, आणि नोंद चालू असताना जोडणी तुटली तर डेटा बिघडायची भीती.

लॉगिन करताना नावाआधी डोमेनचं नाव आणि उलटी तिरकी रेघ (\) हवी. नुसतं नाव टाकलं तर घरचा लॅपटॉप बरेचदा स्वतःचंच नाव पुढे लावतो आणि पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा ठरतो.

राउटरवर ३३८९ हे पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं दार, थेट इंटरनेटला उघडू नका. पोर्टचा आकडा बदलूनही सुटका नाही, उघडी दारं शोधणारे हल्लेखोर सगळेच आकडे तपासतात. मे २०१९ मध्ये जाहीर झालेल्या 'ब्लूकीप' या त्रुटीत तर विंडोज ७ आणि सर्व्हर २००८ आर२ मध्ये शिरायला पासवर्डही लागत नव्हता. त्यामुळे आधी व्हीपीएन, मग त्याच्या आत रिमोट डेस्कटॉप. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा राउटरचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यामधला दिसला, तर तुमचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून तुमच्यापर्यंत पोचता येणार नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता घ्या. व्हीपीएन जोडला तरी ऑफिसचा कॉम्प्युटर सापडत नसेल, तर दोन्हीकडे १९२.१६८.१ नेच सुरू होणारे पत्ते आहेत का ते बघा. असतील तर घरच्या राउटरचे बदला. ऑफिसचे बदलायला गेलात तर डोमेन कंट्रोलरपासून प्रिंटरपर्यंत सगळं हलवावं लागतं.

पुढे चार-पाच जणांना एकाच सर्व्हरवर बसवायचं झालं, तर स्वतंत्र सर्व्हर, त्यावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी 'रिमोट डेस्कटॉप सेशन होस्ट' ही सोय आणि प्रत्येकासाठी सीएएल (सर्व्हर वापरण्याचा) परवाना लागेल. परवान्याशिवाय ते १२० दिवस चालतं. एरवी सर्व्हरवर एका वेळी जी दोन सत्रं मिळतात, ती देखभालीसाठी आहेत, रोजच्या कामासाठी नाहीत.

प्रश्न: नव्या मुलाचं खातं उघडून तात्पुरता पासवर्ड दिला. ऑफिसात लॉगिन व्हायच्या आधीच घरून प्रयत्न केला तर होत नाही. पासवर्ड दोनदा तपासला.
— एक वाचिका, रावपुरा, वडोदरा

उत्तर: खातं उघडताना 'पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलावा' ही खूण राहिली असणार. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनमध्ये डेस्कटॉप दिसायच्या आधीच पासवर्ड तपासला जातो, त्यामुळे तो बदलायची खिडकी उघडायला जागाच नसते. त्याला एकदा ऑफिसात बसून पासवर्ड बदलू द्या. त्यासाठी नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आणि खातं डोमेनचं नसून त्या कॉम्प्युटरपुरतं असेल, तर पासवर्ड रिकामा ठेवलेला नाही ना ते पाहा. रिकाम्या पासवर्डचं असं खातं विंडोज दुरून आत घेतच नाही.

तरीही कारण कळत नसेल, तर ज्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचंय तिथे इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाची नोंद शोधा. खातं कोणतं, प्रयत्न कुठल्या पत्त्यावरून झाला आणि नकार का मिळाला, हे तिथे लिहिलेलं असतं.