एक्स्पोर्ट करताना संगणक मध्येच बंद पडतो : दोष ग्राफिक्स कार्डाचा, ड्रायव्हरचा की आणखी कशाचा?

तुम्ही डिचोलीला घरी डाविंची रिझॉल्व्हमध्ये जत्रेतल्या नाटकांचे व्हिडिओ संपादित करता. एनव्हिडिया कंपनीच्या चिपचे, वापरलेले आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड विकत घेऊन बसवल्यापासून एक्स्पोर्ट, म्हणजे संपादन संपल्यावर अंतिम व्हिडिओ फाइल तयार करणे, चालू असताना कधी पडदा काळा होऊन परत येतो, कधी निळा पडदा येतो आणि कधी यंत्र काहीही न सांगता बंद होते. विंडोज नव्याने टाकून झाली, ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुवा असलेला प्रोग्राम, तोही ताजा केला, आणि आता दुकानदार कार्डच बदला म्हणतो. ते बदलावे का, असा तुमचा प्रश्न आहे. मी फोंड्यात संगणक दुरुस्तीचेच काम करतो, आणि माझे स्पष्ट मत असे की कार्ड एवढ्यात बदलू नये. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असेल असे नाही, आणि यंत्र नेमके कोणत्या पद्धतीने बंद पडते याची नोंद ठेवल्याशिवाय कोणताही सुटा भाग बदलणे म्हणजे पैसे घालून अंदाज बांधणे होय.

पडदा काळा होऊन परत येतो, तो विंडोजच्या एका पहाऱ्यामुळे. विंडोज व्हिस्टापासून टीडीआर नावाची व्यवस्था या प्रणालीत आहे. ग्राफिक्स कार्डाकडे सोपवलेले काम दोन सेकंदांत हलले नाही, तर कार्ड अडकले असे विंडोज समजते आणि ड्रायव्हरकरवी ते नव्याने सुरू करते. हे जमले तर पडदा क्षणभर जाऊन येतो आणि इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत सिस्टिमच्या नोंदींत 'डिस्प्ले' या नावाने ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. ते जमले नाही, किंवा एका मिनिटात असे पाचांहून अधिक वेळा घडले, तर निळा पडदा येतो, ज्यावर बहुधा 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असे लिहिलेले असते. तिसरा प्रकार, म्हणजे बटण दाबल्यासारखे यंत्र एकदम बंद होणे, याचा या पहाऱ्याशी संबंध नाही. त्यानंतर दिसणारी 'कर्नल पॉवर ४१' ही नोंद पाहून अनेक जण घाबरतात, परंतु मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते एवढेच ती सांगते, कारण सांगत नाही. असे एकाएकी बंद होणे दिसले की माझा पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर जातो.

या नोंदी शोधण्यासाठी इव्हेंट व्ह्यूअरच्या जंगलात शिरायचे नसेल, तर स्टार्ट मेनूतून रिलायबिलिटी मॉनिटर उघडावा. तिथे तारखेनुसार लाल खुणा दिसतात आणि 'हार्डवेअर एरर' या शीर्षकाखाली १४१ किंवा ११७ असे संकेत आढळले, तर प्रकरण ग्राफिक्सचे आहे एवढे नक्की धरता येते. मात्र इथेच बहुतेकांची दिशा चुकते. निळ्या पडद्यावर किंवा नोंदीत एनव्हिडियाच्या ड्रायव्हर फाइलचे नाव दिसते आणि ड्रायव्हरच दोषी आहे असा निकाल लावला जातो. वास्तविक कार्डाला वीज कमी पडली, चिप तापली, स्मृतीत बिघाड झाला किंवा कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेले नसले, तरी विंडोजला उत्तर न मिळाल्याचे कळते ते ड्रायव्हरच्याच मार्गाने, आणि नाव त्याचेच लागते. हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे. विंडोज नव्याने टाकूनही तुमचा त्रास गेला नाही, यावरून दोष निव्वळ सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता बरीच कमी झाली आहे. ती मेहनत अगदीच फुकट गेली असे मी म्हणणार नाही.

म्हणून सुरुवात विजेपासून करावी. तुमचा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला '४५० वॅट'चा आहे असे तुम्ही लिहिले आहे. बाजूचे झाकण काढून त्यावरचे लेबल वाचावे, पण मोठ्या अक्षरांतला आकडा वाचू नये. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. तिथे समजा १६ अँपिअर असतील, तर बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट एवढीच वीज त्या वाहिनीतून मिळते, आणि कार्ड व प्रोसेसर हे दोघेही मुख्यतः त्याच वाहिनीवर जगतात. ३०६० कार्ड एकटे १७० वॅटपर्यंत ओढते आणि क्षणार्धापुरते त्याहूनही वर जाते. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस करते, ती याच कारणासाठी. संपादन करताना यंत्र तासन्‌तास ठीक चालते आणि एक्स्पोर्टला बसले की पडते, याचाही उलगडा इथे होतो, कारण कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही पूर्ण जोराने एकाच वेळी चालतात ते एक्स्पोर्टच्या वेळीच.

त्याच वेळी कार्डाला जोडलेली वायरही हातात घेऊन पाहावी. बहुतेक ३०६० कार्डांना आठ पिनांचा एक कनेक्टर लागतो. स्वस्त एसएमपीएसला तो नसला, की हार्ड डिस्कच्या साटा वायरीतून आठ पिना काढणारा एक छोटा कन्व्हर्टर जोडून वेळ भागवली जाते. साटा कनेक्टरमधून १२ व्होल्टवर साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट घेणे अपेक्षित असते, तर आठ पिनांच्या कनेक्टरकडून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकते. असा कन्व्हर्टर तुमच्या यंत्रात असेल तर पुढचे काही वाचण्याआधी तो काढावा. त्याने केवळ यंत्र बंद पडत नाही, प्लास्टिक वितळून आगही लागू शकते. कन्व्हर्टर नसला तरी कनेक्टर ओढून काढून त्याच्या तोंडात डोकावावे. एखाद्या पिनेभोवतीचे प्लास्टिक तपकिरी पडले असेल किंवा पिन आत सरकलेली असेल, तर दोष समोरच आहे.

यंत्र यूपीएसवर चालते हे तुम्ही ओघात लिहिले आहे, पण तो मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. पावसाळ्यात डिचोली आणि सत्तरीच्या बाजूला लाईट दिवसातून कितीदा जाते-येते हे तुम्हाला सांगायला नको. एक्स्पोर्ट चालू असताना यूपीएस बॅटरीवर गेला आणि त्याच क्षणी यंत्र बंद झाले, तर कार्डाचा त्यात काहीच दोष नाही. शिवाय या स्वस्त यूपीएसकडून बॅटरीवर जी वीज मिळते ती शुद्ध साइन वेव्ह नसते, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी हे वीज नीट ओढणारे सर्किट असलेल्या काही चांगल्या एसएमपीएसना ती मानवत नाही. त्यामुळे चांगला एसएमपीएस आणल्यावर त्रास वाढला, असेही कधी कधी घडते. चाचणीपुरते यंत्र यूपीएस वगळून थेट अर्थिंग असलेल्या भिंतीवरच्या प्लगला लावावे. मात्र पावसाचा गडगडाट चालू असताना हे करू नये.

आता एक बिनखर्चाची चाचणी सांगतो, जिच्यावर माझा सर्वांत जास्त विश्वास आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हा फुकट मिळणारा प्रोग्राम घ्यावा, तो इतर कंपन्यांच्या कार्डांवरही चालतो. त्यात पॉवर लिमिटची पट्टी १०० वरून ७५ वर आणून लागू करावी आणि जो एक्स्पोर्ट नेहमी पडतो, तोच पुन्हा चालवावा. कार्ड आता १३० वॅटच्या आत राहील आणि एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागेल. या स्थितीत यंत्र पडायचे थांबले, तर दोष वीज किंवा उष्णता या दोहोंपैकी एकात आहे असे मानायला चांगला आधार मिळतो. काहीच फरक पडला नाही, तर ड्रायव्हर, स्मृती किंवा कार्डाचा खरा बिघाड यांच्याकडे वळावे. यानंतर पट्टी पुन्हा १०० वर न्यावी आणि कोअर क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, ५० ते १०० मेगाहर्ट्झने कमी करून तोच प्रयोग करावा. कारखान्यातूनच वेग वाढवून आलेली काही कार्डे जुनी झाल्यावर तो वेग झेपवू शकत नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले हे कळायचे नाही.

उष्णतेसाठी एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्राम चालू ठेवून एक्स्पोर्टच्या वेळी कार्डाचे तापमान आणि त्याखालचा 'हॉट स्पॉट', म्हणजे चिपवरच्या सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान, हे दोन्ही आकडे पाहावेत. या कार्डाची कमाल मर्यादा ९३ अंश सेल्सिअस आहे, पण ऐंशीच्या आसपास ते स्वतःच वेग आवरते घेऊ लागते. हॉट स्पॉट मुख्य तापमानापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असणे नेहमीचे आहे; फरक पंचवीस-तीसच्या वर गेला, तर चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी आतली थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही असे समजावे. डिचोली, साखळी, उसगाव या पट्ट्यातून माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत तांबड्या मातीची बारीक धूळ पंखा आणि हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसून नमद्यासारखा थर झालेला असतो. पंखा वरून स्वच्छ दिसतो, तो जोराने फिरतही असतो, पण हवा पलीकडे जातच नाही. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण हवेच्या जोराने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग जाते. समुद्रकाठच्या घरांत धुळीपेक्षा खाऱ्या हवेचा त्रास अधिक असतो. तिथे कार्डाच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने त्या पुसून कार्ड पुन्हा घट्ट बसवले एवढ्यानेच पुष्कळदा काम होते. तुमच्याकडेही हे करून पाहायला हरकत नाही.

ड्रायव्हरबद्दल. जुन्यावर नवा टाकणे वेगळे आणि मुळापासून काढून टाकणे वेगळे. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, वापरावा. हवा तो ड्रायव्हर आधी डाउनलोड करून ठेवावा, मग इंटरनेट तोडावे, नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर आणून बसवते. नंतर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या किमान गरजेपुरत्या अवस्थेत, जावे. तिथे लॉगिनचा पिन चालेलच असे नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की जवळ असू द्यावी. सर्वांत नवा ड्रायव्हर सर्वांत चांगला असतो, ही समजूत मात्र सोडावी. २०१० च्या मार्चमध्ये एनव्हिडियाला आपला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता, कारण त्यामुळे काही कार्डांचे पंखे नीट चालत नव्हते. २०२५ च्या सुरुवातीच्या काही ड्रायव्हरांनी काळ्या पडद्याचा उपद्रव दिला, तो निवारण्यासाठी कंपनीला पाठोपाठ दुरुस्त्या काढाव्या लागल्या. तुमचे काम व्हिडिओचे असल्याने खेळांसाठीच्या गेम रेडीऐवजी संपादनासारख्या कामांसाठीचा स्टुडिओ ड्रायव्हर घ्यावा, आणि त्यातही काही महिन्यांपूर्वीचा एक आवर्जून वापरून पाहावा.

इंटरनेटवर तुम्हाला रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जमध्ये, 'टीडीआर डिले' ही वर सांगितलेली दोन सेकंदांची मर्यादा वाढवण्याचा सल्ला मिळेल. कार्ड धडधाकट असूनही एखादे जड रेंडरिंग दोन सेकंदांहून अधिक काळ अडून बसते, अशा वेळी ती मर्यादा आठ-दहा सेकंदांवर नेणे योग्यच आहे. पण तुमचे यंत्र कधी कधी एकदम बंदही होते, त्या दोषावर याचा काही उपयोग होणार नाही, आणि पडदा अडकण्याचा कालावधी मात्र वाढेल. हा उपाय मी सर्वांत शेवटी ठेवीन.

दोन गोष्टी थोडक्यात. बायोसच्या पडद्यावर किंवा विंडोज सुरू होण्याआधीच रंगीत चौकोन, रेघा किंवा ठिपके दिसत असतील, तर तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो, त्यामुळे दोष कार्डाचा, केबलचा किंवा मॉनिटरचा आहे. उलट सेफ मोडमध्ये यंत्र पडत नाही म्हणून कार्ड चांगले आहे असे मात्र सिद्ध होत नाही, कारण तिथे कार्डावर भारच नसतो. आणि निळ्या पडद्यावर प्रत्येक वेळी वेगवेगळी कारणे येत असतील तर ग्राफिक्सचा नाद सोडून बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी सोय, बंद करावे आणि मेमटेस्ट८६ रात्रभर चालवून रॅम तपासावी.

एवढे करूनही संशय कार्डावरच राहिला, तर ते दुसऱ्याच्या, चांगला एसएमपीएस असलेल्या यंत्रात बसवून तुमचाच प्रोजेक्ट तिथे एक्स्पोर्ट करून पाहावा. ही चाचणी दुकानदाराने तुमच्यासमोर करून दाखवली नसेल, तर त्याचे निदान मी मानणार नाही. वापरलेल्या ३०६० बाबत आणखी एक जाणून असावे. हे कार्ड २०२१ च्या फेब्रुवारीत आले तेव्हा इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगला, म्हणजे कार्डाकडून सतत गणिते करवून ते चलन मिळवण्याला, आळा घालणारी मर्यादा त्यात होती, पण पुढच्याच महिन्यात कंपनीच्याच एका चाचणी ड्रायव्हरने ती चुकून उठवली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग संपले आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे वापरलेल्या मालाच्या बाजारात उतरली. तशा कार्डात चिपपेक्षा पंखे, थर्मल पॅड आणि स्मृती यांची झीज जास्त झालेली असते. पंखे आणि पॅड बदलता येतात, स्मृती बिघडली असेल तर इथे दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ नाही. ते ठरवण्यासाठी मेमटेस्ट व्हल्कन हा छोटा प्रोग्राम दहा-पंधरा मिनिटे चालवावा. त्यात चुका दाखवल्या, तर कार्डाच्या मागच्या स्टिकरवरील सिरियल क्रमांक निर्मात्याच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी शिल्लक आहे का ते पाहावे, कारण काही कंपन्या मूळ बिलापेक्षा त्या क्रमांकावरच भर देतात, आणि तोवर स्टिकर किंवा स्क्रूवरचे सील कोणालाही काढू देऊ नये.