मूठ पूर्ण जोर लावून आवळा

प्रश्न : ताई, मी वेल्डर आहे, वय 40. कोल्हापूरजवळच्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये आम्ही सातजण कामाला होतो. ईएसआय (सरकारी कामगार विमा) नव्हतं. ऑगस्ट 2024 मध्ये लोखंडी चॅनेल उतरवताना उजवा हात मनगटापाशी चेंगरला. दोन ऑपरेशनं झाली. बोटं शाबूत आहेत, पण मूठ घट्ट होत नाही. दाखल्यावर 30 टक्के अपंगत्व लिहिलंय. पगार 16,000 होता. मालक म्हणतात, तीस टक्क्यांचेच पैसे मिळतील. आता विमा कंपनीनं हाताची ताकद मोजायला बोलावलंय. मित्र म्हणतात, तिथं मूठ आवळूच नको, हात जितका निकामी दिसेल तितकं बरं. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : दादा, मित्रांचं ऐकू नका. मूठ आवळा, आणि हातात असेल नसेल तेवढा जोर लावून आवळा.

मी व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) आहे, बावीस वर्षं हेच मोजते आहे. तुमच्या हातात जे यंत्र देतील त्याला डायनामोमीटर म्हणतात. त्याचा दांडा पाच जागांवर सरकतो. मनापासून आवळलं तर मधल्या जागांवर जोर जास्त दिसतो, टोकांना कमी. कागदावर टेकाड उमटतं. हात मुद्दाम सैल सोडला की ते टेकाड सपाट होतं, आणि एकाच जागी तीनदा आवळायला लावलं तर तिन्ही आकड्यांचा मेळ बसत नाही. खऱ्या दुखण्यानंही असं होऊ शकतं, म्हणून जाणता तपासनीस एका चाचणीवर निकाल देत नाही. पण ‘पूर्ण प्रयत्न केला नाही’ हे वाक्य अहवालात एकदा आलं, की तुमच्या खऱ्या वेदनेवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मी हे होताना पाहिलंय, फार वाईट वाटतं.

आणि तपासणी टाळूही नका. मालकानं फुकट तपासणी देऊ केली आणि कामगारानं ती विनाकारण नाकारली, तर भरपाईचा हक्क तेवढ्यापुरता थांबतो, असं कायद्यातच आहे.

एक प्रसंग सांगते. एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे आला होता. उजव्या हाताचा पहिला आकडा 19 किलो, डाव्याचा 41. इथेच थांबले असते तर ‘जोर निम्म्याहून थोडा कमी’ एवढंच लिहिलं गेलं असतं. मी त्याला वीस मिनिटं सुताच्या गाठी मारायला बसवलं. नंतर उजवा 11 वर आला. अंगठ्याखालचा स्नायू फडफडत होता आणि तो दुसऱ्या हाताच्या तळव्यानं ते झाकत होता, लाज वाटल्यासारखा. मी म्हटलं, झाकू नका, तेच मला लिहायचंय. अहवालात 19 आणि 11 दोन्ही गेले. तुम्हीही आग्रह धरा: थोडं काम करून घ्या आणि मग पुन्हा मोजा. वेल्डरचा हात एकदा आवळून सुटत नाही, त्याला तासन्‌तास रॉड पकडणारा होल्डर धरायचा असतो.

आता तीस टक्क्यांचं. तो आकडा हाताचा आहे, तुमच्या कमाईचा नाही. तुमचा अपघात 2024 चा, म्हणजे 21 नोव्हेंबर 2025 ला नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचा. म्हणून 1923 चा कर्मचारी भरपाई कायदाच लागतो. बोट तुटलं, हात तुटला, तर त्या कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले टक्के आहेत. अंगठा पूर्ण गेला तर 30. तुमच्यासारखी दुखापत त्या यादीत नाही. तिथे कमावण्याची क्षमता किती गेली, हे डॉक्टरनं ठरवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं 1975 मध्ये प्रताप नारायण सिंग देव खटल्यात एका सुताराचा निकाल दिला. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. मालकाचं म्हणणं, हे अंशतः अपंगत्व. न्यायालयानं मान्य केलं की सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के. तुमचं शंभर धरतील असं मी म्हणत नाही, पण प्रश्न तोच विचारायला हवा.

फरक किती पडतो ते पाहा. पगार जास्त असला तरी हिशेबात 15,000 च धरतात. त्याचे 60 टक्के 9,000, आणि अपघाताच्या वेळी 40 वर्षं पूर्ण असल्यास कायद्यात वयानुसार ठरलेला गुणक 184.17. शंभर टक्क्यांना 16,57,530 रुपये, तीस टक्क्यांना 4,97,259. मालकानं कोऱ्या किंवा ‘सगळं मिटलं’ अशा कागदावर सही मागितली तर करू नका. अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं, म्हणजे ऑगस्ट 2026. त्याआधी कामगार भरपाईच्या वकिलाला गाठा. ऑपरेशनच्या पावत्या जपून ठेवा, प्रत्यक्ष झालेला दवाखान्याचा खर्चही मागता येतो.

माझ्याकडून एकदा चूक झाली होती. एका वेल्डरचं मनगट किती अंश वळतं ते मी काटेकोर लिहिलं, पण तो डोक्यावरचं वेल्डिंग करतो हे विचारलंच नाही. साक्षीच्या वेळी वकिलानं विचारलं, ‘वर हात धरून हा किती वेळ काम करू शकेल?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या माणसाचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून मी आधी काम विचारते, मग हात बघते. सगळेच विचारतील असं नाही, म्हणून तुम्ही स्वतः सांगा: डाव्या हातात काच, उजव्यात होल्डर, दिवसाला किती रॉड जाळत होता, सात इंची ग्राइंडर किती वेळ धरत होता, उकिडवं बसून किती, शिडीवर किती. आदल्या रात्री कागदावर लिहून काढा. दुखण्याची गोळी रोजची असेल ती घ्या आणि घेतली म्हणून सांगा.

जाताना एक्स-रे आणि ऑपरेशनचे कागद न्या. आणि तुमचा जुना होल्डर केबलच्या तुकड्यासकट पिशवीत टाका. तिथे म्हणा, ‘हा धरून दाखवतो, तुम्ही घड्याळ लावा.’